वर्गातील सगळीच मुले ठेंगणी असतील तर?

एकाच आठवड्यात तीन शाळांत मुलांची तपासणी करण्याचा योग आला. तालुक्याच्या गावची विनाअनुदानित इंग्रजी शाळा, वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा आणि एक आश्रमशाळा. वजनकाटा तोच, मुले मात्र तीन तऱ्हांची.

वाडीवरच्या शाळेत तिसरीतील एक मुलगी पुढे आली. मला ती पहिलीतली वाटली. गुरुजी म्हणाले, "चपळ आहे हो डॉक्टर, नुसती लहानखुरी आहे." दाखल्यावर वय ८ वर्षे पूर्ण, उंची ११२ सेंमी. या वयाला सुमारे १२६ सेंमी उंची अपेक्षित. ११५ च्या खाली वाढ खुंटली असे समजतात. शेजारची पोरेही जवळपास तेवढीच, म्हणून कोणाला खटकले नव्हते. वय न पाहता नुसत्या नजरेने अंदाज बांधला की असे होते.

२०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या सुमारे २२ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली. ही खुंटण्याची क्रिया बहुतांशी गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांतच होऊन गेलेली असते. शाळेतली खिचडी ती सगळी भरून काढणार नाही. पण हडकुळेपणा व पंडुरोग यांवर मात्र शालेय वयातही इलाज आहे.

१९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळत असे. तो घरातल्या सर्वांच्या ताटात वाटला जाई, हे उघडच होते. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले आणि घास मुलाच्याच पोटात जाऊ लागला. प्राथमिक वर्गासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. पालकांनो, एखाद्या दुपारी शाळेत जाऊन भाजी खरोखर पडते का, ते पाहून या. मास्तर रागावणार नाहीत.

आश्रमशाळेत पोरे पोटभर जेवतात. तरी नखे, जिभा फिकट होत्या. जेवणाआधी हात धुवायला एकच नळ, तोही दूर. जंत असतील तर खाल्लेले अंगी कसे लागणार? १० फेब्रुवारीच्या जंतनाशक गोळीला म्हणूनच मूल हजर हवे. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळीही उपाशीपोटी देऊ नये. मळमळले की पोर पुन्हा ती घेत नाही.

आणि इंग्रजी शाळा? तेथे शासनाची खिचडी नाही, डब्यात बिस्किटे आणि नूडल्स. काही मुले वजनाने जास्त, पण डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्याच. लठ्ठ मुलाला पंडुरोग असू शकतो हे एका आईला पटेना. "घरी काही कमी नाही," त्या म्हणाल्या. मी विचारले, सकाळी काय देता? चहा आणि बटर. चहाने जेवणातले लोह अंगी लागत नाही, हे त्यांना प्रथमच कळले. त्याऐवजी मेथीचा पराठा, वर लिंबाची फोड किंवा पेरू, असे ठरले.

हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर औषध लागेल. आईंनी रक्त तपासायला होकार दिला.

त्या तिसरीतल्या मुलीच्या रक्ताचीही चिठ्ठी लिहिली आहे. प्रयोगशाळा १४ किलोमीटरवर आहे आणि वाडीची एसटी दिवसातून एकदाच येते.