गोधडी

पवनेच्या काठची पिंपरी व चिंचवड ही एके काळी शेतीवर जगणारी गावे होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधे तयार करणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि येथील कारखाने झपाट्याने वाढले. पुढे ते चाकणपर्यंत पोहोचले. कामाच्या शोधात दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे येथे आली. त्यांच्यापैकी कित्येकांच्या वळकटीत घरच्या स्त्रियांनी शिवलेली एक वस्तू असे. ती म्हणजे गोधडी. काही भागांत तिला वाकळ असेही म्हणतात.

गोधडीसाठी नवे कापड सहसा आणीत नाहीत. विरलेली लुगडी, फाटकी धोतरे, मुलांचे तोकडे झालेले सदरे आणि शिंप्याकडील चिंध्या हेच तिचे भांडवल होय. शेतीची कामे उरकली, की उन्हाळ्यात हे काम निघते. प्रथम सर्व कापड धुऊन वाळवतात. एक जुने लुगडे जमिनीवर सपाट अंथरून त्यावर जुन्या कापडाचे थर रचतात. जेथे भोक असेल तेथे ठिगळ ठेवतात. सर्वांत वर रंगीबेरंगी तुकडे जुळवून मांडतात. थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालतात. नंतर कडेपासून आरंभ करून, चारी बाजूंनी धावदोरा घालीत मध्याकडे येतात. कापड कोठे सैल राहिले, तर तेथे चुणी पडते. म्हणून शिवणारी पुनःपुन्हा हात फिरवून पाहते. शेजारणी मदतीस आल्या, तर काम लवकर उरकते.

झिजलेल्या कापडात ऊब येते कोठून? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. स्थिर हवेतून उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही, त्यामुळे अंगाची ऊब टिकते. टाके हे थर जागच्या जागी धरून ठेवतात. एकेकटे विरलेले कापड निरुपयोगी असते. परंतु तेच एकत्र शिवले, म्हणजे थंडी अडवते.

अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव स्वच्छतेची शिकवण देणाऱ्या संत गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज असेही म्हणत. जुन्या कापडाला असे नवे जीवन देण्याची रीत अन्यत्रही आहे. बंगालमधील कांथा आणि कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कौदी ही तिचीच भावंडे होत.

आज गिरणीतील ब्लँकेटे सहज मिळतात. लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतली आहे. त्या सुती कापडाप्रमाणे घाम शोषून घेत नाहीत. त्यामुळे घरोघर गोधडी शिवणे कमी झाले आहे. तथापि ज्यांच्या घरी जुनी गोधडी आहे, त्यांनी ती एकदा उलगडून पाहावी. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हा बाबांच्या शाळेतील सदऱ्याचा, असे घरातील वडील माणसे बोट ठेवून सांगतील. ही ओळख सांगणारे आहेत, तोवरच ती विचारून घेतली पाहिजे.