पाण्याने सांगितलेला वेग

कारंज्याच्या हौदात सख्यांबरोबर भिजणारी तारामती मी आजवर निदान शंभर वेळा पाहिली असेन. चिंब लुगड्यांतल्या त्या साऱ्याजणी पुरुष आहेत. तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३च्या मूकपटासाठी दादासाहेब फाळक्यांना बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला असलेला हा तरुण त्यांनी हेरला. तिथे दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा कबूल केले.

कुठल्याही व्याख्यानात हा प्रसंग लावला की लोक हसतात. मला ते फार लागतं. अण्णांचा त्यात काही दोष नाही, सगळा घोळ वेगाचा आहे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण सोळा फ्रेम. तीच फीत आज चोवीसने धावते, म्हणजे दीडपट. माणसं टुणटुणत चालतात आणि अभिनय पार वाहून जातो.

म्हणून जेवणं आटोपली की मी संगणकावर वेग उतरवत बसतो. हात काही एकसारखा फिरत नसे, त्यामुळे एकच आकडा सगळ्या प्रसंगांना चालत नाही. हौदाच्या प्रसंगात पाणी मदतीला येतं. नट सावकाश हलला की घाईने, हे आपण सांगू शकत नाही. उडालेलं पाणी मात्र आपल्याच वेगाने खाली येतं. बावीस, वीस, अठरा... त्याच्याही खाली एका आकड्याला थेंब थेंबासारखे पडू लागले. आणि ज्याला मी इतके दिवस हिसका समजत होतो, ते पदर सावरणं होतं. अगदी घरच्या बाईसारखं, बेतानं.

१९१७च्या ‘लंकादहन’मध्ये रामही अण्णाच आणि सीताही अण्णाच. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत. एवढ्या मोठ्या नटाचं नाव रोमन लिपीत वाचलं की परक्याला ते बाईचं वाटतं! असं कुठे दिसलं की मी पत्र धाडतो, पूर्ण नाव लिहून: अण्णा हरी साळुंके. ‘राजा हरिश्चंद्र’ची हाती उरलेली रिळं १९१३ची की १९१७ला पुन्हा केलेल्या चित्रपटाची, हा अभ्यासकांचा वाद चालू राहील. मला त्याआधी त्यांतला माणूस नीट चालताना बघायचाय.

सध्या सुरुवातीचा प्रसंग घेतलाय. राजा रोहिताश्वाला धनुष्यबाण शिकवतोय, तारामती शेजारी आहे. इथे पाणी नाही. पदराचं टोक हलतं का, ते बघत बसलोय.