संशयवाद, बाह्यविश्वविषयक

अनुभवास येणारे जग खरोखर अस्तित्वात आहे, हे आपण जाणतो असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे काय, हा प्रश्न उपस्थित करणारी ज्ञानमीमांसेतील भूमिका. जग नाही, असे संशयवादी म्हणत नाही. जगाविषयीच्या ज्ञानाच्या दाव्याचे समर्थन तो मागतो.

प्राचीन ग्रीसमध्ये पिऱ्होच्या (इ. स. पू. सु. ३६०–२७०) परंपरेतील विचारवंतांनी, प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस तुल्यबळ युक्तिवाद असल्याने निर्णय स्थगित ठेवावा व त्यातून मनःशांती साधावी, असे प्रतिपादिले. व्यवहारात मात्र ते प्रतीतीस अनुसरून वागत. समग्र बाह्य जगासच संशयाच्या कक्षेत आणणारी मांडणी देकार्तने (१५९६–१६५०) १६४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिंतनपर ग्रंथात आढळते. स्वप्नातही जागेपणासारखेच अनुभव येतात. तसेच एखादी सामर्थ्यशाली दुष्ट शक्ती आपणास सतत फसवीत असणे अशक्य नाही. देकार्तचा हेतू निःसंदिग्ध ज्ञानाचा पाया शोधण्याचा होता. संशय घेणाऱ्या ‘मी’चे अस्तित्व संशयातीत ठरवून, ईश्वर फसविणारा नाही या आधारे त्याने जगाची पुनःस्थापना केली, परंतु हा युक्तिवाद चक्रक दोषाने युक्त असल्याचा आक्षेप त्यावर घेतला जातो. जगावरील विश्वास युक्तिवादातून नव्हे, तर मानवी स्वभावातून उद्‌भवतो, असे ह्यूमने (१७११–७६) दाखविले.

भारतीय परंपरेत नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात प्रमाणांच्या प्रामाण्याविषयीच प्रश्न केला. एक प्रमाण दुसऱ्याने सिद्ध होत असेल, तर अनवस्था ओढवते. ते स्वतःसिद्ध असेल, तर इतर पदार्थांहून त्याचे वेगळेपण कशात, हे सांगावे लागते. जयराशी भट्टाच्या तत्त्वोपप्लवसिंह या ग्रंथातही सर्व प्रमाणांचे खंडन आहे. यावर नैयायिकांचे उत्तर असे, की संशयालाही कारण लागते. संधिप्रकाशात ‘हा खांब की माणूस?’ असा संशय ज्यास खांब व माणूस दोन्ही ठाऊक आहेत, त्यालाच येतो. अनुमानाविषयीचा संशय संशयकर्त्याच्या स्वतःच्या कृतीशी विसंगत ठरू लागला, की तेथे तो थांबतो, असे उदयनाचार्यांनी प्रतिपादिले.

विसाव्या शतकात मूरने (१८७३–१९५८) १९३९ च्या व्याख्यानात आपले दोन्ही हात दाखवून बाह्य वस्तूंचे अस्तित्व सिद्ध झाल्याचे म्हटले. संशयवाद्याच्या गृहीतकांपेक्षा हातांविषयीची खात्री अधिक बळकट आहे, हे त्यामागील तत्त्व होय. पटनमने (१९२६–२०१६) १९८१ मध्ये, द्रवपात्रात ठेवून यंत्राद्वारे अनुभव पुरविलेल्या मेंदूची कल्पना तपासली. शब्दांचा अर्थ वस्तूंशी असलेल्या कार्यकारण-संबंधावर अवलंबून असल्याने, प्रारंभापासून पात्रातच असलेल्या मेंदूला ‘मी पात्रातील मेंदू आहे’ हे विधान आपल्या अर्थाने करताच येणार नाही, असे त्याचे मत आहे. मात्र नुकत्याच पात्रात ठेवलेल्या मेंदूला हे उत्तर लागू पडत नाही.

या वादाचे मर्म ज्ञानाच्या निकषात आहे. कल्पनीय अशी प्रत्येक चूक वगळणे ही ज्ञानाची अट मानल्यास विज्ञान, इतिहास व न्यायदान यांतील निष्कर्षांना ज्ञान म्हणता येत नाही. सकारण संशयाचे निरसन पुरेसे मानल्यास ती टिकतात. परंतु कोणता संशय सकारण, हे ठरविण्याची जबाबदारी ज्ञानाचा दावा करणाऱ्यावर येते.