वस्तादांनी मागितली डॉक्टरांची चिठ्ठी

तालमीत शिरण्यासाठी खोटे बोलण्याची पाळी वयाच्या ६२ व्या वर्षी आपल्यावर येईल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण तसे घडले खरे.

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून घेऊन मी घरी आलो. निघताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "आता व्यायाम करायचा बरं का!" कोणता, किती, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारायचे मला सुचले नाही, आणि बाहेर बाकावर वीस माणसे खोळंबलेली, तेव्हा सांगायला त्यांनाही सवड नव्हती. तीन महिन्यांनी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या व्यायामशाळेत जाऊन उभा राहिलो. पूर्वी तिथे लाल मातीचा हौदा होता. आता आरसे आहेत, आणि कितीही चालले तरी माणूस जागच्या जागीच राहील असे यंत्र आहे. वस्ताद म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक पोरगा! त्याने माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर सात प्रश्न. हृदयविकार आहे का, छातीत दुखते का, घेरी येते का, औषधे चालू आहेत का... अशी प्रश्नावली १९७० च्या दशकात कॅनडात प्रथम तयार झाली, हे मला मागाहून कळले. मी सातही प्रश्नांपुढे 'नाही' लिहून मोकळा झालो. खरे लिहावे तर हा आपल्याला दारातूनच परत पाठवील, ही धास्ती!

माझे खोटे पकडले ते माझ्याच नाडीने. यंत्रावर दहा मिनिटे चाललो. सदरा घामाने भिजला, दम लागला, पण नाडी काही ९२ च्या वर जाईना. पोराने यंत्र थांबवले आणि हळूच विचारले, "काका, हृदयाची एखादी गोळी चालू आहे का?"

त्याचे असे आहे. व्यायामशाळांतून एक ढोबळ हिशेब चालतो. २२० मधून वय वजा करायचे, येईल तो नाडीचा कमाल आकडा. माझा १५८. त्याच्या अमुक हिश्शापर्यंत नाडी चढली की व्यायाम लागू पडला असे समजायचे. पण मी घेत होतो ती बीटा-ब्लॉकर जातीची गोळी हृदयाचा लगाम खेचून धरते. आकडा चढत नाही म्हणून एखाद्या उतावळ्या वस्तादाने यंत्राचा वेग वाढवत नेला असता, तर लगाम खेचलेल्या घोड्यावर चाबूक ओढल्यासारखेच झाले असते. आमच्या पोराने तसे केले नाही. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग या," एवढेच म्हणाला. मला राग आला, हे कबूल करतो.

डॉक्टरसाहेब आधी हसले. "आता तालीमवाले आम्हाला चिठ्ठ्या मागणार तर!" पण मग चष्मा लावून त्यांनी पानभर लिहून दिले. औषधे कोणती, ताणचाचणीत हृदय कुठवर साथ देते, आणि श्वास कोंडून वजन उचलायचे नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. शेवटी माझी सही घेतली, की या दोघांनी माझ्या प्रकृतीविषयी आपसात बोलायला माझी हरकत नाही.

आमच्या लहानपणी असल्या सहीची गरज नव्हती. निखळलेला खांदा बसवणारा आणि जोर काढून घेणारा वस्ताद एकच असे! शास्त्र आणि व्यायाम यांची गाठ आपल्याकडे कुणी घातलीच नाही असेही नव्हे. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसने करणाऱ्यांचे रक्तदाब मोजले, क्ष-किरणांनी आत डोकावून पाहिले. तिकडे पश्चिमेत त्या काळी हृदयाचा झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे खाटेला खिळवून ठेवीत. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रोग्यांना नुसते खुर्चीत बसवले, तेही धाडसच ठरले. पुढच्याच वर्षी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास छापला: दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी!

पण चिठ्ठी नसली तर काय होते, ते आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिले. ते इन्सुलिन घेणारे. दुसऱ्या एका व्यायामशाळेत संध्याकाळी, रिकाम्या पोटी बैठका मारत होते. हात कापू लागले, घाम फुटला. तिथल्या शिक्षकाला वाटले, मेहनतीचा घाम! "अजून दहा!" म्हणून तो ओरडला. रक्तातली साखर उतरल्याचा घाम आणि कष्टाचा घाम दिसायला सारखाच. सुदैवाने शेजारी शुद्धीवर होते आणि पुतण्या जवळ होता. त्याने साखरेचे पाणी पाजले. सगळा दोष मी त्या शिक्षकाला देत नाही. व्यायामाच्या दिवशी जेवणाचा आणि इन्सुलिनचा मेळ कसा घालावा, हे त्यांना दवाखान्यातही कुणी सांगितले नव्हते.

असो. नाडी भरवशाची नाही म्हणून आमचा पोरगा मला आकडा विचारतो. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली ही पट्टी सहापासून वीसपर्यंत असते. "काका, किती?" "बारा." बारा-तेरा म्हणजे ठीक.

फेब्रुवारीत एके सकाळी, रोजच्याच वेगाला, माझ्या तोंडून "पंधरा" निघाले. त्याने यंत्र बंद केले, मला बसवले, माझे पायमोजे खाली सारले. घोट्यावर मोज्याची खोल खूण उमटली होती. "पाय सुजलेत. का, ते सांगणं माझं काम नाही," म्हणाला आणि तिथूनच त्याने डॉक्टरांना फोन लावला. त्याच दुपारी तपासणी झाली, गोळ्या बदलल्या. पडून राहिलो असतो तर मी ती सूज उन्हाळ्यावर ढकलली असती.

तीन आठवड्यांनी परत गेलो. यंत्रावर पाय ठेवणार, तोच पोरगा हात आडवा घालून उभा राहिला.

"काका, गोळ्या बदलल्या ना? नवी चिठ्ठी कुठाय?"