खोपोलीचं चाक कोण फिरवतं?

खोपोलीत उभं राहून घाटाकडे मान वर करून पाहिलंय का कधी? डोंगराच्या अंगावरून जाडजूड पोलादी नळ सरळ खाली उतरलेले दिसतात. मुंबईहून पुण्याला निघालेली मुलं गाडीच्या खिडकीतून ते बघतात आणि विचारतात, "बाबा, ते काय आहे?" बाबा म्हणतात, "टाटांचं वीजघर." तेवढ्यात वळण येतं, डोंगर आडवा होतो आणि पुढचे सगळे प्रश्न तसेच राहून जातात.

आज ते राहू द्यायचे नाहीत. त्या नळांच्या खालच्या टोकाला एक चाक आहे. ते गरगर फिरतं म्हणून वीज होते. आपला प्रश्न अगदी साधा आहे: ते चाक फिरवतं कोण?

"पाणी!" असं तुम्ही लगेच म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. चला, त्या पाण्याचा माग काढू या.

पाणी डोंगर उतरतं

शंभरएक वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालायच्या. गिरणगावावर धुराचा ढग असायचा. घाटमाथ्यावर एवढा पाऊस पडतो, तर त्याच्यापासून वीज का करू नये, हा ध्यास जमशेटजी टाटांनी घेतला होता. ते १९०४ साली गेले. पण त्यांचं स्वप्न मागे राहिलेल्यांनी सोडलं नाही. १९१० मध्ये कंपनी निघाली, लोणावळ्याच्या परिसरात वळवण आणि शिरोता यांसारखी धरणं बांधली गेली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर उभं राहिलं. त्याला पाणी येतं ठोकरवाडीच्या धरणातून.

धरण वर, वीजघर खाली. मध्ये सुमारे ५०० मीटरचा उतार! नळ पाण्याने काठोकाठ भरलेला असतो, म्हणजे तळाच्या पाण्यावर वरच्या सगळ्या पाण्याचा भार येतो. किती? तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण ५० किलो. तांदळाचं एक भरलेलं पोतं नखावर ठेवलंय, अशी कल्पना करा.

आता या नळाच्या टोकाला निमुळतं तोंड बसवलं तर पाणी कसं बाहेर पडेल? तासाला जवळजवळ ३५० किलोमीटर वेगाने! आपल्याकडची कुठलीही आगगाडी एवढी धावत नाही.

वाटीतली करामत

हे पाणी चाकावर सोडायचं. पण कसं सोडायचं? इथे खरी गंमत आहे.

चाकाला सपाट फळ्या लावल्या असत्या, तर पाणी आपटून चारी बाजूंना उडालं असतं आणि त्याची बरीचशी ताकद वाया गेली असती. अमेरिकेत सोन्याच्या खाणींच्या भागात राहणाऱ्या लेस्टर पेल्टन नावाच्या माणसाने यावर तोड काढली आणि १८८० मध्ये तिचं पेटंट मिळवलं. खोपोलीची चाकं पेल्टनच्याच जातीची आहेत.

हे चाक जवळून पाहू या. त्याच्या कडेने वाट्या बसवलेल्या असतात, पण एकेकटी वाटी नाही, जुळी! दोन वाट्या शेजारी शेजारी चिकटवल्यासारख्या आणि मध्ये सुरीसारखी धार. पाण्याची धार नेमकी या धारेवर येते, दुभंगते, अर्धं पाणी डाव्या वाटीत, अर्धं उजव्या वाटीत. वाटीच्या गोलाईवरून घसरत ते वळतं आणि जिकडून आलं जवळजवळ तिकडेच परत फिरतं.

परत फिरण्याने काय होतं? चेंडू भिंतीवर मारा. ओल्या मातीचा गोळा असेल तर तो भिंतीला चिकटून बसेल. रबरी चेंडू असेल तर उसळून मागे येईल. भिंतीला जास्त धक्का कोणी दिला? चेंडूने, जवळजवळ दुप्पट! कारण त्याला आधी थांबवावं लागलं आणि मग उलट दिशेने ढकलावं लागलं. पाण्याचंही तसंच होतं.

आणखी एक खुबी आहे. वाट्यांचा वेग पाण्याच्या वेगाच्या निम्मा ठेवला, की वाटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात वेगच उरत नाही. ३५० च्या वेगाने आलेलं पाणी आपली जवळजवळ सगळी ताकद चाकाला देऊन टाकतं आणि शांतपणे खाली गळतं. किती नेटका हिशेब!

सरळ धावणाऱ्या पाण्याला जायला नदीभर जागा लागते. चाक मात्र एका जागी राहून रात्रंदिवस फिरू शकतं. सरळ धावेचं गोल फिरण्यात रूपांतर केलं, की ती ताकद दांड्यावरून दुसऱ्या यंत्राला देता येते. म्हणून तर जिकडे पाहावं तिकडे चाकं आहेत.

साऱ्या देशाची लेझीम

चाकाच्या दांड्याला जनित्र जोडलेलं असतं. जनित्रात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि त्यांच्या जवळून चुंबक फिरतात. तारेजवळून चुंबक गेला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं.

चुंबकाचं एक टोक जवळून गेलं की वीज एका दिशेला ढकलली जाते, दुसरं टोक गेलं की उलट दिशेला. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा अशी पुढे-मागे होते. मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात ५० हा आकडा शोधा, सापडेल. समजा, जनित्रात चुंबकांच्या १० जोड्या आहेत. मग दर फेरीला विजेचे १० हेलकावे होतील आणि सेकंदाला ५० हवे असतील, तर चाकाला सेकंदाला बरोबर ५ फेऱ्या माराव्या लागतील. कमी नाही, जास्त नाही.

आता खरं नवल ऐका. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या भारताच्या जाळ्याला जोडलं गेलं. तेव्हापासून जवळजवळ सारा देश एकाच जाळ्यात आहे. म्हणजे खोपोली, भिवपुरी, कोयना, हिमालयातली वीजघरं, तामिळनाडूतली वीजघरं, सगळी एका तालात फिरतात. शाळेच्या मैदानावर लेझीम खेळताना पुढची रांग वाकली की मागचीही वाकते ना? तसंच. एखादं चाक जरा मागे पडायला लागलं, तर बाकीची त्याला ओढून तालावर आणतात.

संध्याकाळी सात वाजले की मुंबईत लाखो दिवे लागतात, पंखे फिरतात, लोकल भरून धावतात. त्या क्षणी देशभरातली सगळी चाकं किंचित जड होतात. मग खोपोलीत नळाच्या तोंडातली सुई थोडी मागे सरते, धार जाड होते आणि चाकाला जोर मिळतो. पाण्यावरचं वीजघर काही मिनिटांत सुरू करता येतं, म्हणून अशा गर्दीच्या वेळी ते फार उपयोगी पडतं.

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर एवढा कडक आहे. ती इंजिनं लागेपर्यंत तुम्ही वडापाव खात असता, तेव्हा एवढं आठवा: त्या इंजिनांच्या मोटरीही विजेवर गरगर फिरणारी चाकंच आहेत. डोंगर उतरणाऱ्या पाण्याने चाक फिरवलं, वीज झाली आणि विजेने फिरणारी चाकं गाडीला डोंगर चढवतात!

धरण कोण भरतं?

पाणी चाक फिरवतं हे कळलं. पण धरणात पाणी येतं कुठून? पावसातून. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाऊस कोण आणतं? नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे. आणि वाऱ्यांना नैर्ऋत्येकडून यायला कोण सांगतं?

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून समुद्रावरची हवा जमिनीकडे ओढली जाते. ही हवा विषुववृत्ताच्याही दक्षिणेकडून निघते. मग ती सरळ उत्तरेला का येत नाही? कारण तिच्याखालची पृथ्वी फिरते आहे!

विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीच्या परिवलनामुळे तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. कर्जत-खालापूरची जमीन तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने. का बरं कमी? पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जावं तसा फेरा लहान होत जातो, पण वेळ मात्र तितकाच, साधारण एक दिवस. आता विषुववृत्तावरून निघालेला वारा आपला पूर्वेकडचा जादा वेग बरोबर घेऊनच येतो. इथली जमीन त्याच्यापेक्षा हळू, म्हणून तो पूर्वेकडे पुढे पुढे सरकतो. उत्तरेला निघालेला वारा असा उजवीकडे कलतो आणि नैर्ऋत्येकडून आल्यासारखा वाहू लागतो.

समोर उभा असतो सह्याद्री, उत्तर-दक्षिण पसरलेला. वारा त्याला येऊन भिडतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस कोसळतो. धरण भरतं. चाक फिरतं.

म्हणजे बघा, वाऱ्याला ढकलतो सूर्य, पण वळवते पृथ्वी. खोपोलीच्या चाकामागे एक भलंमोठं चाक आहे, आणि आत्ता हे वाचताना तुम्ही त्याच्यावरच बसला आहात.

पाणी पुढे कुठे जातं?

चाक फिरवून झालं की पाणी संपतं का? मुळीच नाही. ते तितकंच असतं, फक्त खाली आलेलं असतं.

धरण नसतं, तर हेच पाणी इंद्रायणीतून देहू-आळंदीला गेलं असतं, तिथून भीमेत, पंढरपूरला, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आता ते घाट उतरून पश्चिमेला येतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीकडे.

भिवपुरीच्या पाण्याला वाटेत आणखी एक काम मिळतं. राजनाला कालव्यातून ते कर्जत तालुक्यातल्या शेतांत जातं. त्याच्या जोरावर पावसाळी भातानंतर उन्हाळी भातही होतं. कालवा सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून पाणी पाळीपाळीने देतात. कालव्याला ठरलेल्या दिवसांसाठी पाणी सोडतात, मग बंद करतात, मग पुन्हा सोडतात. त्याला 'आवर्तन' म्हणतात. हेही फिरणंच आहे, फक्त इथे चाक फिरत नाही, पाळी फिरते. वरच्या शेतकऱ्याने आपल्या पाळीपुरतंच पाणी घेतलं, तर शेवटच्या टोकाचं शेत भिजतं.

जिथे कालवा नाही तिथे भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. भात, मग वाल, मग पुन्हा भात. ही पिकांची फेरपालट. ती कशासाठी? वालाचं एक रोप हलक्या हाताने उपटा आणि मुळं पाण्यात धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठ कामावर आहे! तिच्यात राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला खत करून देतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण भाताला तो हवेतून घेता येत नाही. वाल काढल्यावर मुळं, पाला जमिनीत कुजतो आणि त्यातलं थोडं पुढच्या भाताला मिळतं. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून पोपटी लावाल, तेव्हा शेतातल्या त्या गुलाबी गाठींनाही धन्यवाद द्या.

करून पाहा

गाजराचा जाड गोल तुकडा घ्या. मोठ्यांच्या मदतीने त्याच्या मधोमध विणकामाची सुई आरपार घाला. कडेने आइस्क्रीमचे ८ खोलगट प्लास्टिकचे चमचे सारख्या अंतरावर खोचा, सगळ्यांची वाटी एकाच दिशेला. एका चमच्याला लाल दोरा बांधा. सुईची टोकं दोन्ही हातांत सैलसर धरा आणि नळाची धार एका बाजूच्या चमच्यांच्या वाटीत पडेल असं चाक धरा. लाल दोरा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा.

आता सगळे चमचे उलटे खोचा, म्हणजे धार पाठीवर पडेल. नळ तेवढाच सोडा. पुन्हा मोजा. मग चमच्यांऐवजी सपाट काड्या लावून मोजा. तिन्ही आकडे वहीत लिहा आणि कोण जिंकलं, का जिंकलं, ते आपल्या शब्दांत लिहून वर्गात सांगा. खाली बादली ठेवायला विसरू नका. त्या पाण्याला झाडांचं काम द्यायचं आहे.

आणि पुढच्या वेळी घाटातून जाताना कुणी विचारलं, "ते नळ कसले?" तर वळण यायच्या आत उत्तर देणं आता तुमच्याकडे!