डोळ्यांवर उतरलेली वळचण

मराठीने चष्म्याला वयाचेच नाव दिले. 'चाळिशी लागली' म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. मोतीबिंदूही घरोघरी माहितीचा. पण साठीनंतर डोळ्यांवर हळूहळू उतरत येणाऱ्या कातडीला आपल्याकडे धड नाव नाही. जुन्या घराची वळचण दरवर्षी बोटभर खाली येते आणि एक दिवस वाकून आत शिरावे लागते, तसा हा प्रकार. इथे माणूस वाकत नाही, मान मागे टाकतो, एवढाच फरक.

ती मागे टाकलेली मान मी बँकेच्या काउंटरमागून वर्षानुवर्षे पाहिली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर मंडळी येत. कुणी हनुवटी उंचावून भिंतीवरची सूचना वाचे, कुणी डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरून उजव्या हाताने सही करी. एका निवृत्त गुरुजींना आमचा कॅशियर 'ताठ्यातला माणूस' म्हणायचा. ताठा कसला? कातडी बुबुळावर आली होती. २०२१ पासून हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तिथे मोबाइल पापण्यांची उघडझाप करायला सांगतो. ज्याची पापणी उघडी असून मिटल्यासारखी दिसते, त्याची कोण तारांबळ!

पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, जाडी एक मिलिमीटरहून कमी. दिवसाकाठी हजारो वेळा तिची घडी पडते आणि उलगडते. त्यात आपल्या यवतमाळचे ऊन. जन्मभर कपाशीच्या रानात डोळे बारीक करून वावरलेल्यांची ही कातडी लवकर सैल पडली, तर नवल नाही. कधी दोष कातडीचा नसतो. पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सुटलेली असते. कधी भुवईच खाली सरकते. खालच्या पापणीची गोष्ट निराळी. डोळ्याभोवती निसर्गाने चरबीची गादी ठेवली आहे. तिला अडवणारा पडदा ढिला झाला की ती पुढे फुगते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात. काकडीच्या चकत्यांनी गारवा मिळतो, पिशवी जात नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे काय, तर वरच्या पापणीच्या नैसर्गिक घडीतच छेद घ्यायचा, जादा कातडी आधी मोजून, खूण करून काढायची आणि बारीक टाके घालायचे. बहुतेकदा जागा बधिर करून काम होते. टाके साधारण आठवड्यात निघतात, सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला दोनेक आठवडे लागतात. खालची चरबी पापणीच्या आतल्या बाजूनेही काढता येते. खरे कसब किती कापायचे यात नाही, किती ठेवायचे यात आहे. कातडी जास्त गेली तर डोळा पुरता मिटत नाही, कोरडा पडतो, बुबुळाला इजा होते. मिटू न शकणारा डोळा म्हणजे काय, हे कुष्ठरोगाने विदर्भाला पुरेसे दाखवले आहे.

ही विद्या मुंबईच्या सिनेमावाल्यांची आहे, असा एक समज आहे. सुश्रुतसंहितेत पापणीचे केस डोळ्यात वळले तर भुवईखालची जवाच्या आकाराची कातडी काढून केसाने शिवण्याची रीत सांगितली आहे. आजच्या छेदाचा आकारही फार वेगळा नसतो. आणि जवळचे पाहायचे तर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. यवतमाळलाही १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान पहिल्या तपासणीला मुंबई गाठायची गरज नाही.

तपासणी मात्र हवीच. सकाळी डोळे सुजतात आणि पायांवरही सूज असते, तेव्हा मूत्रपिंड आणि थायरॉईड पाहावे लागते. पापणी संध्याकाळी जास्त पडते, तेव्हा स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते. आणि पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले, डोके ठणकू लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. आपल्या मनाने बंद करू नयेत. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा धोका अगदी क्वचित, पण आहे. बिनधोक आहे असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे.

विम्याच्या बाबतीत माझ्यातला बँकवाला जागा होतो. निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही. म्हणून दृष्टीचा परीघ मोजून घ्यावा: एकदा पापण्या आहेत तशा ठेवून, एकदा चिकटपट्टीने वर धरून. दोन आलेखांतला फरक आणि डॉक्टरांचा लेखी अभिप्राय फाइलला लावावा.

आता हौसेचे. केस काळे करणाऱ्याला आपण काही म्हणत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये निम्मी डोकी रंगवलेलीच असतात. मग डोळ्यांखालच्या पिशव्या कुणाला सलल्या, तर त्यालाच का हसायचे? लग्नाच्या फोटोसाठी विशीतल्या मुलीला टेबलावर झोपवणे मला पटत नाही, पण ते वेगळे. खरी हानी या हसण्यानेच होते. ज्यांना गरज आहे, तीच माणसे गप्प बसतात.

आमच्या ओळखीच्या एक आजी, वय सत्तरीपुढे. मुलाने विषय काढला की म्हणत, "मले का आता नवरी व्हाचं हाय?" शेवटी तो त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काही न बोलता दोन्ही पापण्या वर धरून पट्टी चिकटवली आणि समोर बघायला सांगितले. आजी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "अवं माय, वरचा पंखा दिसते की!"

कापूस घरात आला की नागपूरला जायचे ठरले आहे.