धूर दिसतो, विस्तव दिसत नाही

आपलं गोंदेश्वराचं देऊळ ज्या काळ्या दगडाचं आहे, तो एके काळी वाहता लाव्हा होता. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. त्यावरून बरेच जण समजतात की आपली जमीन लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगते. तसं नाही बरं का! कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घनच आहे. तापलेलं असल्यानं लाखो वर्षांत ते हळूहळू सरकतं, इतकंच. खरा द्रव सुमारे 2,900 किलोमीटर खाली, बाह्य गाभ्यात.

पण हे पाहिलं कुणी? कुणीच नाही. आमच्या न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात ना, तसंच इथे भूकंपलहरींवरून. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या गाभ्यापाशी अडतात, म्हणून तो द्रव.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. ताण मात्र अख्ख्या भूपट्टात साचतो. कोयनेचा 1967चा भूकंप धरणाच्या पाण्यानं चाळवला, म्हणून वेगळा काढता येई. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीत ती सोय फारशी उरली नाही. दख्खन स्थिर आहे, हे अनुमानच होतं. आपण त्याला प्रत्यक्ष धरून बसलो.

तिथे माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या भारानं. आपल्याकडच्या जुन्या घरांत काय वेगळं आहे? भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड आहेत का, एवढं तरी घरी गेल्यावर बघा.